झोपेत मारलं की झटापटीत? घरातला गोळीबार, स्वसंरक्षणाचा बचाव आणि शिक्षेचा हिशोब

एका भावाने बहिणीच्या खटल्याबद्दल पत्र पाठवलंय. प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातली शेतवस्ती. दाजींकडे पीकसंरक्षणासाठी परवान्याची एकनळी बारा बोअर बंदूक. अकरा वर्षांचा संसार, दारू आणि मारहाण. दोनदा बहीण माहेरी आली, दोन्ही वेळा बैठक बसवून परत पाठवली. ऑगस्ट २०२५ मध्ये एका रात्री त्यांनी काठीने मारलं, गळा दाबला, बंदूक काढली. झटापटीत बंदूक बहिणीच्या हातात आली, गोळी छातीत लागली आणि दवाखान्यात नेताना दाजी गेले. दिराने फिर्याद दिली की बाजेवर झोपेत असताना मारलं. भारतीय न्याय संहितेचं कलम १०३, म्हणजे खून, आणि शस्त्र अधिनियमाची कलमं ३/२५ (विनापरवाना शस्त्र) आणि २७ (शस्त्राचा वापर) लागली. बहीण न्यायाधीन बंदी आहे, नऊ वर्षांची मुलगी सासरच्यांकडे आहे. भावाने विचारलंय की स्वसंरक्षण धरलं जाईल का आणि नाही धरलं तर शिक्षा किती.

आधी एक गैरसमज दूर करतो. तुमच्या पत्राचा निम्मा भाग अकरा वर्षांच्या छळाबद्दल आहे आणि शेवटच्या काही मिनिटांबद्दल चार ओळी. खटल्यात याच्या उलट होतं. खासगी संरक्षणाचा हक्क, म्हणजे न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ (जुन्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६), हा त्या क्षणाच्या धोक्यावर मोजला जातो. धोका कधी सुरू झाला, गोळी सुटली तेव्हा तो चालू होता का, आणि तो जिवाचा किंवा जबर दुखापतीचा होता का. छळाचा इतिहास वाया जात नाही. तिला भीती का वाटली हे पटवायला तो लागतो, आणि शिक्षेच्या सुनावणीत तर त्याचं वजन मोठं असतं. पण निव्वळ इतिहासावर सुटका होत नाही.

कलम ३८ सांगतं की हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो. मृत्यूची वाजवी भीती, जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्काराच्या उद्देशाने हल्ला, अनैसर्गिक कृत्याच्या उद्देशाने हल्ला, पळवून नेणं, सरकारी मदत मिळू नये अशा तऱ्हेने कोंडून ठेवणं आणि ॲसिड. गळा दाबणं पहिल्या दोन्हींत बसतं. दार बाहेरून लावून मोबाईल काढून घेतला असेल तर कोंडण्याचंही खंड लागू होतं. वकील ते बहुतेक वेळा वापरतच नाहीत. बलात्काराच्या खंडाची मात्र एक अडचण आहे. अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला जबरी संभोग आपल्या कायद्यात अजून बलात्काराच्या व्याख्येबाहेर आहे, त्यामुळे लैंगिक जबरदस्तीची रात्र असली तरी बचाव जबर दुखापतीच्या भीतीवरच उभा करावा लागतो. तो दारू पिऊन होता, त्याला काय कळत होतं, असं सासरकडचे म्हणतील. त्याला कलम ३६ उत्तर देतं. नशेतल्या किंवा वेड्या माणसाविरुद्धही हक्क तेवढाच राहतो.

दुसरा हमखास येणारा मुद्दा, ती पळून का गेली नाही. स्वतःच्या घरातून पळून जाण्याची सक्ती आपला कायदा करत नाही. कलम ३७ एवढंच म्हणतं की पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, पावसाळ्यात चिखल, रात्री साडेदहा. इथे पोलीस यायला किती वेळ लागला असता हे ठाण्यापासूनचं अंतर आणि त्या रात्रीची रस्त्याची स्थिती यांवरून दाखवता येतं. तपासी अंमलदाराच्या उलटतपासात हा प्रश्न पाच मिनिटांत होतो, तरी बऱ्याचदा राहून जातो.

आता खरा मुद्दा, झोपेत की झटापटीत. यावर तुमचा खटला उभा राहील किंवा पडेल. माणसं काय म्हणतात यापेक्षा इथे बंदूक, शरीर आणि खोली काय सांगतात हे जास्त चालतं.

एकनळी बारा बोअर बंदूक मधून मोडून भरतात. एक काडतूस, एक बार. बार झाल्यावर रिकामं काडतूस नळीतच राहतं, बंदूक पुन्हा मोडल्याशिवाय ते बाहेर येत नाही. म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात पहिली ओळ शोधायची ती हीच: रिकामं काडतूस नळीत मिळालं की जमिनीवर? नळीत असेल तर बार झाल्यावर बंदूक कोणी हाताळली नाही, दुसरा बार भरायचा विचार नव्हता, हे तुमच्या बाजूचं आहे. जमिनीवर मिळालं असेल तर सरकारी वकील म्हणतील की दुसऱ्या बाराची तयारी होती. मग ते कोणी काढलं, दिराने की पोलिसांनी, हे पंचांच्या उलटतपासात काढावं लागेल. दोन बार झाले असते तर परिस्थिती फार वेगळी असती. बंदूक मोडायची, रिकामं काढायचं, नवीन घालायचं, बंद करायची, घोडा ओढायचा. एवढ्या क्रिया झाल्यावर धोका अजून चालू होता हे पटवणं अवघड जातं. गावठी कट्ट्याचंही तसंच, तोही बहुतेक एकेरी बाराचा असतो.

काडतुसं कुठे ठेवलेली होती? कपाटाला कुलूप होतं का, किल्ली कोणाकडे? परवाना पुस्तिकेत काडतूस खरेदीच्या नोंदी असतात. त्यातली किती उरली, किती भरलेली मिळाली, हे मोजून घ्या. बंदूक आधीच भरून भिंतीला टांगलेली असायची असं शेजारच्या वस्तीवरचा एखादा माणूस सांगत असेल तर तो तुमचा महत्त्वाचा साक्षीदार आहे. बहिणीने किल्ली शोधली, काडतूस घेतलं, भरलं आणि मग बार केला, असं चित्र उभं राहिलं तर पूर्वनियोजनाचा आरोप गळ्यात पडतो.

शवविच्छेदनाच्या अहवालात तीन गोष्टी पाहा. पहिली, जखमेचं स्वरूप. छर्ऱ्याच्या बंदुकीतून साधारण मीटरभर अंतरापर्यंत छर्रे एकत्रच शिरतात आणि एकच मोठं भोक पडतं. अंतर वाढत गेलं की छर्रे पसरत जातात आणि बाजूला बारीक भोकं दिसू लागतात. अगदी जवळून बार झाला तर कडा भाजतात, काजळी बसते, बंदुकीच्या न जळालेल्या दारूचे कण कातडीत रुततात, आणि काडतुसातलं बूचही जखमेत सापडतं. हाताच्या अंतरावरची झटापट असेल तर हीच चिन्हं दिसली पाहिजेत. पण लक्षात ठेवा, झोपलेल्या माणसाच्या जवळ उभं राहून बार केला तरी अंतराची हीच चिन्हं मिळतील. अंतराने एवढंच सिद्ध होतं की दाराबाहेरून किंवा अंगणातून गोळी घातली नाही.

म्हणून दुसरी गोष्ट, दिशा. उभ्या दोघांच्या ओढाओढीत छर्रे समोरून, सरळ किंवा खालून वर जातात. बाजेवर झोपलेल्यावर उभं राहून झाडलेला बार वरून खाली जातो. डॉक्टरांनी जखमेच्या मार्गाची दिशा लिहिली आहे का? बहुतेक अहवालांत फक्त 'छातीच्या पोकळीत छर्रे' एवढंच असतं. तसं असेल तर एक्स-रे प्लेट मागा. छर्ऱ्यांचा पुंजका कोणत्या पातळीवर थांबला यावरून दिशा मांडता येते. तिसरी गोष्ट मृताच्या अंगावरच्या नखांच्या खुणा, ओरखडे, मनगटावरची पकड. झोपलेल्या माणसाच्या अंगावर झटापटीच्या ताज्या खुणा नसतात.

खोलीत पाहायचं ते असं. गोधडी आणि वाकळ जप्त झाली का, तिला भाजल्याचा किंवा छर्ऱ्याचा डाग आहे का, रक्त बाजेच्या सुतळीखाली साचलं होतं की दाराजवळच्या फरशीवर. फिर्याद 'बाजेवर झोपेत' म्हणते आणि पंचनाम्यात रक्त दाराशी असेल तर ती फिर्याद तिथेच लंगडी पडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता; यापुढे अटक, तपास, जबाब, जामीन अशी प्रक्रियेची कलमं हिचीच, गुन्ह्यांची आणि बचावाची न्याय संहितेची) कलम १७६ (३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाची घटनास्थळाला भेट आणि चित्रीकरण यांची तरतूद आहे. चित्रीकरण झालं असेल तर त्याची प्रत दोषारोपपत्रासोबत मागा. बऱ्याचदा पंचनाम्यात न लिहिलेली गोष्ट व्हिडिओत दिसते.

हाताच्या नमुन्यांवर फार भिस्त ठेवू नका. जवळून बार झाला की बंदुकीच्या दारूचे अवशेष दोघांच्याही हातांवर येतात. दाजींच्या हातावर मिळाले म्हणजे त्यांनीच बंदूक धरली होती असं ठाम म्हणता येत नाही. झटापटीच्या कथनाला ते पूरक ठरतात, इतकंच.

आता तिच्या शरीराबद्दल. इथेच सगळ्यात जास्त केसेस बिघडतात. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करून जखमांची नोंद करणं कलम ५३ प्रमाणे बंधनकारक आहे. स्त्री असेल तर महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली, आणि अहवालाची प्रत आरोपीला द्यायची असते. प्रत्यक्षात मध्यरात्री 'बाह्य जखमा नाहीत' अशी एक ओळ लिहून कागद परत येतो. गळा दाबल्याच्या खुणा पहिल्या काही तासांत फिक्या असतात. निळेपणा एकदोन दिवसांनी वर येतो. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे बारीक ठिपके, मानेच्या बाजूला अंगठ्याच्या ठशासारखे डाग, हे सगळं डॉक्टरने विचारून, पाहून लिहावं लागतं. काठीचा वळ वेगळा ओळखू येतो, दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकी पट्टी. पडून लागल्याची जखम तशी दिसत नाही. कलम ५३ मध्येच डॉक्टरला गरज वाटल्यास आणखी एक तपासणी करण्याची मुभा आहे. पहिल्या रिमांडला हजर केलं तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी तिला मारहाणीबद्दल विचारलं असेल आणि ती काही बोलली असेल तर ते रोजनाम्यात असेल. त्याची प्रमाणित प्रत आजच काढा. कारागृहात दाखल करतानाही आरोग्य तपासणीची नोंद होते, तीही मागवा. आरोपीच्या अंगावरच्या ठळक जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर त्यांच्या कथनावर संशय घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य (१९७६) मध्ये सांगितलेलं आहे. किरकोळ खरचटण्याला मात्र ते लागू होत नाही. म्हणून जखम कागदावर किती नेमकी आली यावर सगळं आहे.

पुराव्याचा भार कोणावर? नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे अपवाद आरोपीने दाखवायचा. पण सरकार पक्षाइतका कडेकोट नाही, जास्त संभवनीय काय एवढंच. तोही स्वतःचे साक्षीदार आणूनच असं नाही, सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासातून निघाला तरी चालतो. बचाव स्पष्ट घेतला नसला तरी पुराव्यातून दिसत असेल तर न्यायालयाने विचारात घ्यायचा, असं मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९६८) पासून चालत आलेलं आहे. याचा अर्थ गप्प बसावं असा मात्र होत नाही. घराच्या चार भिंतींत रात्री मृत्यू झाला की आतल्या माणसाने खुलासा द्यायला हवा, असा त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००६) या निकालाचा आधार सरकारी वकील घेतील. आरोपीच्या जबाबात (आता कलम ३५१, बार रूममध्ये अजून 'तीनशे तेरा'च म्हणतात) सगळ्या प्रश्नांना 'खोटे आहे, मला माहीत नाही' अशी उत्तरं देण्याची सवय आहे. स्वसंरक्षणाच्या केसमध्ये ती आत्मघातकी आहे. त्या रात्री काय झालं हे लेखी निवेदनात पाच-सहा वाक्यांत, वेळेच्या क्रमाने दिलं पाहिजे.

तितकीच मोठी चूक म्हणजे दोन बचाव एकत्र घेणं. 'ओढाओढीत बंदूक आपोआप सुटली' हा अपघाताचा बचाव, कलम १८. 'जीव वाचवायला मी बार केला' हे स्वसंरक्षण. कायद्याने पर्यायी बचाव घेता येतात, पण ऐकणाऱ्याला दोन्ही खोटे वाटतात. शिवाय अपघाताच्या कलमात कृत्य कायदेशीर, कायदेशीर साधनाने आणि काळजीपूर्वक केलेलं हवं, ते जुळवणं कठीण. शस्त्रतज्ज्ञ घोड्याला किती जोर लागतो तेही तपासतो. बंदूक सुस्थितीत आणि घोडा घट्ट निघाला की 'आपोआप' हा शब्द संपतो. बहीण नेमकं काय म्हणते ते एकदा नीट ऐका आणि त्यावरच ठाम राहा. नातेवाइकांनी सुचवलेली सुधारित आवृत्ती तिच्या तोंडी घालू नका.

घटनेनंतर तिने काय केलं? तुम्हाला फोन केला म्हणता. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही. भावाला फोनवर 'मी मारलं' म्हणाली तर मात्र ते येऊ शकतं, कारण तुम्ही पोलीस नाही. त्याच वाक्याच्या आधी 'त्याने गळा दाबला' हे होतं का? पूर्ण वाक्य, वेळ आणि कॉलचा कालावधी लिहून ठेवा आणि कॉल डिटेल्स जपून ठेवण्यासाठी न्यायालयाकडे कलम ९४ खाली अर्ज करायला सांगा. तिने स्वतः गाडी बोलावली, दवाखान्यात सोबत गेली, फरशी धुतली नाही, बंदूक लपवली नाही, ही वर्तणूक तिच्या बाजूची आहे. फरशी धुतली असती तर पुरावा नष्ट केल्याचं कलम २३८ जोडलं गेलं असतं आणि बचावही गेला असता.

समजा न्यायालयाला वाटलं की हल्ला खरा होता, पण बार करण्याची गरज नव्हती. काठी टाकून तो मागे सरला होता आणि बंदूक तिच्या हातात होती. मग कलम १०१ चा दुसरा अपवाद येतो: सद्भावनेने, पूर्वनियोजन न करता, गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना हक्काची मर्यादा ओलांडली. खुनाचं मग सदोष मनुष्यवधात, म्हणजे खुनाहून हलक्या गुन्ह्यात (कलम १०५), रूपांतर होतं. बहुतेक खऱ्या केसेस इथेच येऊन थांबतात आणि वकिलाने सुरुवातीपासून हा मुक्काम डोळ्यांसमोर ठेवावा. अशा वेळी धोका सोन्याच्या तराजूत तोलायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालय अमजद खान खटल्यापासून (१९५२) सांगत आलंय. तरीही पाठीत लागलेली गोळी आणि छातीत लागलेली गोळी यांचं वजन सारखं होत नाही.

आणि समजा झोपेची कथा खरी ठरली. मग स्वसंरक्षण जवळजवळ संपतं, कारण कलम ४० प्रमाणे हक्क भीती चालू असेपर्यंतच. उरतो तो पहिला अपवाद, गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ. के. एम. नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. नौदल अधिकारी नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ ला मुंबईत पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली. घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले, म्हणून प्रक्षोभ आकस्मिक धरला नाही. त्याच निकालात एक गोष्ट बाईच्या उपयोगाची आहे: मृताच्या आधीच्या वागण्याने आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली तीही विचारात घेता येते. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने छळाने साचत गेलेल्या, सततच्या प्रक्षोभाची कल्पना मान्य केली, आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मंजू लाक्रा खटल्यात मारहाण सोसणाऱ्या पत्नीच्या मनःस्थितीचा विचार करून खुनाची शिक्षा सदोष मनुष्यवधावर आणली. आपल्याकडे या निकालांचं वजन मार्गदर्शक म्हणून आहे, बंधनकारक नाही.

व्हॉट्सॲपवर परदेशातल्या केसेस फिरतात म्हणून दोन ओळी. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये लव्हाली खटल्यात, पाठ फिरवून जाणाऱ्या जोडीदाराला मागून गोळी घालणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत, मारहाणीच्या मानसिक परिणामांवरची तज्ज्ञ साक्ष ग्राह्य धरली आणि खालच्या अपिलात रद्द झालेली तिची निर्दोष मुक्तता पुन्हा बहाल केली. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलला. छळ हे गुन्ह्यामागचं ठळक कारण असेल तर तिथे न्यायाधीश नेहमीच्या चौकटीखाली शिक्षा देऊ शकतात. आपल्याकडे शिक्षा कमी करणारं असं स्वतंत्र कलम नाही. तिथलं निकालपत्र इथे वाचून दाखवण्यापेक्षा तिचा दहा वर्षांपूर्वीचा ग्रामीण रुग्णालयातला केसपेपर दाखवणं जास्त उपयोगी.

शिक्षेचा हिशोब आता सरळ मांडतो. कलम १०३ कायम राहिलं तर जन्मठेप किंवा फाशी, मधलं काही नाही. अशा केसमध्ये फाशीचा प्रश्न सहसा येत नाही. जन्मठेपेत प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सुटकेचा विचार होत नाही, कलम ४७५. कलम १०५ चा पहिला भाग, म्हणजे मारण्याचा हेतू होता पण अपवाद लागू झाला, त्यात जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं आणि दंड. पाच वर्षांची ही खालची मर्यादा न्याय संहितेने नव्याने आणली. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना असती तर जुनं ३०४ लागू झालं असतं आणि त्यात किमान शिक्षा नव्हती. तुमची घटना ऑगस्ट २०२५ ची, त्यामुळे जुने निकाल दाखवून 'दोन वर्षं भोगली तेवढी पुरे' हा युक्तिवाद पहिल्या भागात चालणार नाही. दुसरा भाग, म्हणजे हेतू नव्हता पण मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड, किमान मर्यादा नाही. तिथे भोगलेल्या काळावर सुटणं अजून शक्य आहे. फरक कागदावर एका शब्दाचा, तुरुंगात कित्येक वर्षांचा. म्हणून युक्तिवादाचा शेवटचा टप्पा 'हेतू' आणि 'जाणीव' यांवर खर्च करायचा. एकच बार, जवळ असलेल्या वस्तूने, नंतर मदतीला धावणं, हे मुद्दे दुसऱ्या भागाकडे नेतात. छातीवर नेम धरून झाडलेला बार पहिल्या भागाकडे ओढतो.

परिवीक्षेबद्दल, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याबद्दल (प्रोबेशन), विचारलं आहे. जन्मठेपेच्या गुन्ह्यात ती मिळत नाही, म्हणून पहिल्या भागात बंद. दुसऱ्या भागात कायद्याने दार उघडं आहे, पण जीव गेलेल्या केसमध्ये न्यायालयं ते क्वचितच उघडतात. आत काढलेला काळ कलम ४६८ प्रमाणे वजा होतो.

शस्त्र अधिनियमाचं स्वतंत्र पाहा. बंदूक दाजींच्या परवान्याची. ओढाओढीत क्षणभर हातात आली याला जाणीवपूर्वक ताबा म्हणता येतो का, हा लढण्यासारखा मुद्दा आहे. कलम ३ च्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, कलम ३९. ती आहे का, आणि आधी घेतली की दोषारोपपत्रानंतर, तपासा. गावठी कट्टा असता तर चित्र कडक होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षं, आणि स्वसंरक्षण मान्य होऊन खुनातून सुटली तरी कट्टा घरात आला कुठून याचं उत्तर वेगळं द्यावं लागलं असतं.

हाच बचाव नवरेही घेतात आणि आपल्या भागात त्याचं प्रमाण कमी नाही: 'तिने कोयता उगारला, म्हणून मी झाडली.' तिथे हीच मोजपट्टी उलटी चालते. कोयत्यावर कोणाच्या बोटांचे ठसे, तो पंचनाम्यात कुठे होता, तिच्या तळहातावर वार अडवल्याच्या जखमा आहेत का, आणि ती दाराकडे पाठ करून होती की दारातून पळत होती. हातात बंदूक असलेला धडधाकट माणूस चार पावलांवरच्या बाईला अडवू शकत नव्हता का, या प्रश्नावर असे बचाव पडतात आणि जन्मठेप लागते. लग्नाला सात वर्षं झाली नसतील तर हुंडाबळीचं कलम ८० ही पर्याय म्हणून लागू शकतं. आणखी एक स्थिती, वेगळी राहणारी बायको माहेरी, नवरा रात्री दार फोडून येतो आणि सासरा किंवा मेव्हणा बार करतो. इथे बचाव जास्त भक्कम असतो, कारण कलम ३५ दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणाचाही हक्क देतं आणि सूर्यास्तानंतरच्या घरफोडीत कलम ४१ घराच्या रक्षणासाठीही तो हक्क जिवापर्यंत नेतं.

छळाचे कागद गोळा करायला आजपासून सुरुवात करा. ठाण्यातल्या अदखलपात्र नोंदी, म्हणजे एनसी, क्रमांक आणि तारखेसह. महिला तक्रार केंद्रातले अर्ज. संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल कधी भरला होता का. बैठकीत लिहून घेतलेला शंभरच्या स्टँपवरचा 'यापुढे मारणार नाही' हा कागद कोणाकडे आहे? तो तुमच्याकडचा सर्वात बोलका पुरावा ठरू शकतो, कारण त्यावर मृताची सही असते आणि पोलीस पाटलाचीही. दोघं ऊसतोडीला जात असतील तर दवाखान्याचे कागद गावात शोधू नका. ते कारखान्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात असतील. दोषी ठरल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर कलम २५८ प्रमाणे वेगळी सुनावणी होते. ती बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांत उरकते, कारण वकील 'लहान मुलं आहेत, दया करावी' एवढंच म्हणून बसतो. त्या दिवशी हे सगळे कागद, कारागृहातल्या वर्तणुकीचा दाखला आणि मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल हातात हवा, आणि त्यासाठी एका दिवसाची मुदत मागायची.

जामिनाचं सांगायचं तर मृत्युदंडाच्या गुन्ह्यातही स्त्री म्हणून विचार करण्याची मुभा कलम ४८० मध्ये आहे. सत्र न्यायालयाने नाकारला तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जा, पण वैद्यकीय कागद हातात आल्यावर, आधी नाही. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं का तेही तपासा. स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. दाजींच्या नावच्या जमिनीचा फेरफार सासरचे लगेच करून घेतील. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २५ खून करणाऱ्याला वारसा नाकारतं, पण निकाल लागलेला नाही, आणि मुलीचा हक्क त्याने जात नाही. तलाठ्याकडे हरकत आता द्या.

मुलीचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात नाजूक आहे. ती घरात होती. नऊ वर्षांचं मूल साक्ष देऊ शकतं, आणि आज ती दिराच्या घरी आहे. तिचा दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब (कलम १८३) झाला का, कोणत्या तारखेला, त्या दिवशी तिला कोणी आणलं, हे विचारा. झाला नसेल तर बालकल्याण समितीमार्फत तिचा ताबा आणि समुपदेशन यांसाठी अर्ज करा. पण तुम्ही स्वतः तिला भेटून त्या रात्रीबद्दल एक शब्दही विचारू नका. उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो, 'मामांनी काय सांगायला सांगितलं?'